जलमार्गाने बुलढाणा

अजिंठ्याची डोंगररांग बुलढाणा जिल्ह्यात आडवी पसरलेली असल्यामुळे तेथील माणसे घाटावरची आणि घाटाखालची अशी दोन प्रकारची मानली जातात, आणि या भेदाची जेवढी दखल सोयरीक जुळवताना घेतली जाते तेवढी भूगोलाच्या पुस्तकातही घेतली जात नाही. पाण्याचीही हीच विभागणी आहे. घाटाखालचे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा भारदस्त नावांनी पूर्णेला मिळते आणि तापीमार्गे अरबी समुद्र गाठते, तर घाटावरचे पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या वाटेने गोदावरीत जाऊन शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. तात्पर्य, या जिल्ह्यातील होडीला निसर्गाने दोन समुद्रांचा पर्याय खुला ठेवलेला आहे. अडचण एवढीच की दोन्हीकडे जाणाऱ्या वाटेचा पहिला टप्पा वर्षातील बरेच महिने बैलगाडीने पार करण्याच्या योग्यतेचा असतो.

अशा जिल्ह्यात घरच्या घरी लाकडी कयाक बांधू पाहणारा हौशी नौकाकार हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. कयाक म्हणजे एका माणसाने पाय लांब करून बसायची, वरून बरीचशी झाकलेली, अरुंद आणि हलकी होडी असून तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट शिकाऱ्यांनी वाहून आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती घडवली, आणि तिची मापे फूटपट्टीने न घेता बांधणाऱ्याच्या शरीरावरून घेतली. लांबी पसरलेल्या हातांच्या तिप्पट, तर बैठकीची पोकळी कमरेच्या रुंदीला दोन मुठी जोडून, असे ढोबळ कोष्टक सांगितले जाते. इनुइट शिकाऱ्याची कंबर सील आणि मासे यांच्या आहारावर वर्षानुवर्षे एका मापाची राहत असावी, परंतु शेगावच्या कचोरीच्या टप्प्यात राहणाऱ्या नौकाकाराविषयी तसे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. म्हणून या जिल्ह्यापुरते हे माप आजच्या कमरेवरून न घेता येत्या दिवाळीनंतरच्या कमरेवरून घ्यावे, अशी दुरुस्ती सुचवता येते.

होडी तरंगते ती आर्किमिडीजच्या नियमाने, म्हणजे आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून. वीस किलोची कयाक आणि ऐंशी किलोचा नौकाकार यांना मिळून शंभर लिटर पाणी सारावे लागते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही मागणी क्षुल्लक असली तरी ज्या घरात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि दोनशे लिटरच्या ड्रमवर कुटुंबाची इभ्रत अवलंबून असते, तेथे अर्धा ड्रम पाणी निव्वळ करमणुकीसाठी बाजूला सारण्याचा विचार बोलून दाखवणे शहाणपणाचे नसते.

बांधणीचा पहिला प्रश्न लाकडाचा. भारतीय मानकांत सर्वसाधारण प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि नौकांच्या, म्हणजे मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० असे दोन निराळे क्रमांक आहेत. दुसऱ्या प्रकारातील नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी कसोटी आहे. नौकाकाराने ती घरी घ्यायची ठरवल्यास गॅसची शेगडी त्याला तुरीची डाळ शिजेपर्यंतच्या काळापुरती मिळते, त्यामुळे निष्कर्ष अपुरा राहतो. दुकानदाराचे मत मात्र पूर्ण असते. 'पाण्यात टाका, काही होत नाही' ही हमी तो स्वयंपाकघरातील सिंकखालच्या कपाटाविषयी देत असतो, आणि गिऱ्हाईक ते प्लायवूड खरोखरच पाण्यात टाकणार आहे असे कळताच ती हमी तो तितक्याच तत्परतेने मागे घेतो.

बांधणीची जी पद्धत हौशी लोकांत सर्वाधिक रूढ आहे ती 'स्टिच अँड ग्लू', म्हणजे आधी शिवायचे आणि मग चिकटवायचे. इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा बॅरी बकनेल आणि नौकांचा आराखडाकार जॅक होल्ट यांनी १९६२ च्या सुमारास 'डेली मिरर' या वृत्तपत्रासाठी 'मिरर' ही शिडाची होडी आखली आणि या पद्धतीला घराघरांत नेले. या पद्धतीत चार मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या लांब फळ्या वक्र रेषांवर कापतात, कडांना गिरमिटाने बारीक छिद्रे पाडतात आणि त्यांतून तांब्याची तार ओवून पकडीने पिळतात. सपाट कापडातून शिंप्याच्या हातून ब्लाउजला जसा उभार येतो तसा, दोन वेगळ्या वक्रता एकत्र ओढल्या गेल्यामुळे, सपाट फळ्यांतून होडीचा पोटाकार आपोआप उभा राहतो. प्लायवूडचा तक्ता आठ फुटांचा आणि कयाक चौदा फुटांची, म्हणून दोन तुकडे जोडताना त्यांच्या कडा जाडीच्या आठपट लांबीचा उतार देऊन रंध्याने तासाव्या लागतात. येथपर्यंत गावातील सुताराची मदत होते, मात्र 'दिवाण करायचा की कपाट' या त्याच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे तो मजुरी आगाऊ मागतो.

फळ्या शिवण्याची कल्पना परकी आहे असे मात्र समजू नये. राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथात समुद्रातील चुंबकीय खडक ओढून घेतील म्हणून नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असा इशारा दिलेला आहे. आणि लोणार येथील 'मोठा मारुती'ची आडवी मूर्ती चुंबकीय दगडाची असल्याची समजूत लक्षात घेता या जिल्ह्यात तो इशारा अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. त्याच ग्रंथात सर्वांत लहान नौकेला 'क्षुद्रा' म्हटले असून तिची लांबी सोळा हात सांगितली आहे. चौदा फुटांची कयाक जेमतेम नऊ हात भरते, म्हणजे शास्त्राप्रमाणे ती क्षुद्राहूनही क्षुद्र ठरते. घरातील मंडळी संस्कृतचा आधार न घेता याच मताला आलेली असतात. नौकाकाराच्या बाजूने एक भक्कम पुरावा मात्र अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, याच डोंगररांगेत, पाचव्या शतकातील चित्रकाराने भिंतीवर जहाज रंगवले, आणि त्या चित्राच्या आधारे गोव्यात काथ्याने फळ्या शिवून बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. जवळ समुद्र नसणे हा नौकाविद्येतील अपात्रतेचा निकष मानता येत नाही, हे त्यावरून सिद्ध होते.

शिवणीनंतर येते इपॉक्सी, म्हणजे राळ आणि कठीणकारक हे दोन द्रव एकत्र करताच घट्ट होऊ लागणारा चिकट पदार्थ. गळक्या नळावर लावले जाणारे एम-सील हे त्याच कुळातील असल्यामुळे त्याची तोंडओळख बहुतेक घरांना असते. त्यात लाकडाचा बारीक भुस्सा कालवून आतल्या सांध्यांवर गोलाई भरतात, वरून काचकापडाच्या पट्ट्या बसवतात आणि सुकल्यावर पॉलिश पेपरने घासतात. गोलाई देण्यासाठी चमच्याच्या पाठीइतके योग्य हत्यार अद्याप सापडलेले नाही, आणि स्वयंपाकघरातील वाढायचे चमचे एकेक करून कमी होण्याचे कारणही अन्यत्र शोधावे लागत नाही. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते, आणि हवा मुळातच तापलेली असली की ती क्रिया इतकी वेग घेते की खोल डब्यात जास्त प्रमाणात कालवलेले मिश्रण धुरावते आणि हातातच दगड होते. खामगाव-शेगावकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून वर जात असल्यामुळे घाटाखालच्या नौकाकाराला हे काम पहाटे उरकावे लागते, तर घाटावरचा नौकाकार ते सकाळच्या चहानंतर करू शकतो. घाटावरचे लोक स्वतःला थंड डोक्याचे समजतात, त्या समजुतीला रसायनशास्त्राचा मिळालेला हा बहुधा एकमेव आधार होय.

बांधणी पुरी झाल्यावर कळते की तीच सोपी होती. कयाकला तीन गोष्टी लागतात: पाणी, शांतता आणि परवानगी, आणि या तिन्ही एका ठिकाणी, एकाच महिन्यात सापडणे हे या जिल्ह्याचे खरे नौकाशास्त्र आहे. शांततेचा विचार केला तर बेसाल्ट खडकात उल्काघाताने पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील लोणार सरोवरासारखे पाणी शोधून सापडणार नाही. पण ते खारट तर आहेच, शिवाय साबणाच्या पाण्यासारखे अल्कधर्मी आहे, जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेले हे रामसर स्थळ अभयारण्यही असल्यामुळे तेथे हौसेने होडी लोटणे हा विषय मनातल्या मनातच ठेवावा लागतो. ज्ञानगंगा अभयारण्यातील पलढग तलावाचीही तीच कथा. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला टी-१ सी-१ नावाचा वाघ हजाराहून अधिक किलोमीटर चालून डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत दाखल झाला तेव्हा त्याच्याजवळ कोणताही परवाना नव्हता, पण तो दाखला नौकाकाराला लागू होत नाही.

उरतात धरणे. पैनगंगेवरील येळगावचे धरण बुलढाणा शहराची तहान भागवते, आणि त्याचे गोडबोले दरवाजे पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडतात. सरकारी इमारतींच्या इतिहासात अर्ज न करता उघडणारे दरवाजे दुर्मीळ असले तरी त्यांच्या जवळपास कयाक नेणे म्हणजे पैनगंगेचा उर्वरित प्रवास अनिच्छेने सुरू करणे होय. खडकपूर्णेवरील संत चोखासागर पुष्कळ मोठा आहे, पण मोठ्या पाण्यावर दुपारचा वारा लाटा उठवतो आणि नावातला सागर खरा करून दाखवतो. लहान तलाव शांत असतात, परंतु पावसाळ्याआधी त्यांत क्रिकेट चालू असते.

म्हणून मुहूर्ताचा प्रश्न निर्माण होतो, आणि त्यासाठी जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळच्या घटमांडणीकडे लक्ष ठेवावे लागते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात धान्यांची वर्तुळाकार मांडणी करतात, मध्यभागी पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि रात्रभरात झालेल्या बदलांवरून दुसऱ्या पहाटे पाऊस-पिकाचे भाकीत सांगतात. भाकितात तूर, कपाशी आणि राजा यांचा उल्लेख असतो, कयाकचा नसतो. तरीही कोणते ढेकूळ किती भिजले यावरून नौकाकार आपल्या वॉर्निशचा दुसरा हात केव्हा द्यायचा ते ठरवतो.

अखेर पाऊस पडतो, परवानगी मिळते, अंगात जीवरक्षक जाकीट चढते आणि कयाक पाण्यात उतरते. तेथे तिची गाठ जिल्ह्यातील खऱ्या जलतज्ज्ञांशी पडते, ते म्हणजे ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळे टाकणारे मच्छीमार. ते होडीला एक वळसा घालून तिची शिवण, गोलाई आणि चकाकी शांतपणे न्याहाळतात आणि विचारतात, "भाऊ, याच्यात मासोया कुठी ठेवता?" ट्यूब कमी खर्चाची, पंक्चर झाली तर रस्त्यावरच्या कोणत्याही दुकानात दुरुस्त होणारी आणि मासे धरून आणणारी, तिच्याशी उपयुक्ततेच्या मुद्द्यावर वाद घालणे कयाकच्या हिताचे नाही.

कयाकचा लाभ निराळ्या खात्यावर मांडावा लागतो. या जिल्ह्यात पाण्याची चौकशी पिण्यासाठी होते, पेरणीसाठी होते, टँकरसाठी होते. त्यातला एक थेंबही न मागता पाणी कसे आहे एवढेच विचारणारा नागरिक हा नौकाबांधणीतून उत्पन्न होतो. तो कापसाच्या भावाआधी वर्तमानपत्रातील धरणांच्या उपयुक्त साठ्याचा रकाना वाचतो, कोणत्या तलावात किती गाळ आहे हे त्याला वल्ह्याच्या टोकाने ठाऊक असते, आणि दोन पूर्णांपैकी कोणती कोणत्या समुद्राला जाते हे तो न विचारताही सांगतो. अशा माणसाला जिल्हा पाण्यासाठी वेडा समजतो. टँकरची वाट पाहणारे बाकीचे सगळेही पाण्यासाठी वेडेच असल्यामुळे त्याचे वेगळेपण फार काळ टिकत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात उपड्या कयाकवर कुरडया वाळत घातल्या गेल्या की कुटुंबाचीही तिच्याविषयी काही तक्रार उरत नाही.