चौकशी करा, पण नीट करा

सरपंचाला घरी पाठवायला फार काही लागत नाही. विरोधी गटाचा एक अर्ज, त्यावर घाईघाईत लिहिलेला अहवाल आणि वरच्या साहेबांची सही. झालं, गावाने मतं देऊन बसवलेला माणूस खुर्चीवरून खाली.

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांचं हेच झालं. तक्रार अशी, की त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात. त्या सांगत होत्या, मी नवरा-मुलांसह वेगळी, भाड्याच्या घरात राहते. खरं काय ते गावात जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेतले असते, तर कळलं असतं. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, आयुक्तांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं, हायकोर्टातही दाद लागली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पद परत दिलं आणि खातरजमा न करता आदेश काढणाऱ्या यंत्रणेला खडसावलं. एका बाईला एवढ्यासाठी दिल्ली गाठावी लागली, याची मला चीड येते.

उरणच्या नगराध्यक्षांना हटवण्याचा आदेशही २०१२ मध्ये असाच रद्द झाला होता. लोकांनी निवडलेल्याला सहज काढता येत नाही, काढायचं तर कारणं लिहा, असं सुप्रीम कोर्टाने तेव्हाच बजावलं होतं. आपल्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम ३९ तरी दुसरं काय सांगतं? गैरवर्तनासाठी सरपंचाला काढण्याआधी नोटीस, चौकशी आणि म्हणणं मांडायची संधी.

पण नोटिसा कशा निघतात? ‘आपण कर्तव्यात कसूर केली आहे, सात दिवसांत खुलासा करावा.’ कोणत्या कामात, कोणत्या बिलात, कधी, याचा पत्ता नाही. माणसाने खुलासा करायचा कशाचा?

‘भ्रष्ट पुढाऱ्यांचे लाड कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. ज्याने खरोखर पैसे खाल्लेत, त्याला असली अर्धीकच्ची चौकशी हवीच असते. सुनावणी दिली नाही एवढ्या मुद्द्यावर तो स्थगिती आणतो, तारखा पडत राहतात आणि पाच वर्षांची मुदत खुर्चीतच पुरी करतो. गटारीचं काम तसंच राहतं.

साहेब, पुढच्या नोटिशीत काम, बिल नंबर आणि तारीख लिहा. मोजमाप पुस्तिका मागवून स्वतः जागेवर जा. अहवालाची प्रत सुनावणीआधी सरपंचाच्या हातात द्या. मग दोषी निघाला तर खुशाल घरी पाठवा.