वर्षाचा पहिला नंबर

बिबवेवाडीतल्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमधे कट्ट्यावर एक तरी गीतमालावाले नाना असतातच. पंचाहत्तरी ओलांडलेली, स्वेटर बारमाही, काखेत दोनशेपानी वही. त्यांच्यासमोर आपलं जन्मसाल सांगू नये. "त्र्याहत्तर? म्हणजे 'जंजीर'!" एवढं बोलून ते तुमची कुंडली मिटवतात. त्या वर्षी रेडिओवरच्या बिनाका गीतमालेत पहिलं आलेलं गाणं 'जंजीर'मधलं होतं, एवढाच याचा अर्थ. स्वतःचं लग्न ते एकाहत्तरचं न म्हणता 'अंदाज'च्या सालातलं म्हणतात. 1975 मधे 'रोटी कपडा और मकान'मधलं महागाईचं गाणं अव्वल आलं, हे ते भाजीवाल्यालाही सुनावतात. तो कोथिंबिरीचा भाव कमी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे या वेडाचं श्रेय एका मराठी मंत्र्याला जातं. 1952 मधे बाळकृष्ण केसकरांकडे नभोवाणी खातं आलं आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं ही त्यांची तळमळ. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं! तिथे त्याच डिसेंबरात अमीन सयानींनी गीतमाला सुरू केली. आकाशवाणीला 1957 मधे विविध भारती काढावी लागली, पण तोवर दर बुधवारी रात्री आठ वाजता नानांसारखी पोरं पेन्सिलीला टोक करून बसायला लागली होती.

नानांना गाण्यातलं काही कळतं, असा गैरसमज नको. त्यांनी गुणगुणलेलं कुठलंही गाणं राष्ट्रगीताच्या चालीवर जातं. त्यांना कळतात ती पायदानं: कोण चढलं, कोण घसरलं. 1966 मधे 'गाईड'ची गाणी मागे राहून 'सूरज'चं पहिलं आलं, यावरून शेजारच्या विंगमधल्या अण्णांशी त्यांचं अजून बोलणं नाही. दोघांकडे निरोप वॉचमन पोचवतो.

गीतमाला संपली, सयानीही 2024 मधे गेले, पण वही थांबलेली नाही. नानांनी निकष बदलले, एवढंच. अप्परच्या रिक्षा, मार्केट यार्डाकडे जाणारे टेम्पो, मंगल कार्यालयाबाहेरची वरात आणि विसर्जनाचा डीजे यांत जे जास्त वाजेल ते पहिलं. त्यानुसार 2015 'शांताबाई', 2016 'झिंगाट', 2024 'गुलाबी साडी'. नात यूट्यूबचे आकडे दाखवते, तर म्हणतात, "एकच पोरगं शंभरदा बघतंय गं. आमच्या वेळी रेकॉर्ड विकत घ्यावी लागायची."

डिसेंबर अखेरीस कट्ट्यावर श्रोता संघ भरतो. सभासद नाना, वॉचमन, इस्त्रीवाला आणि चहा घेऊन आलेल्या नानी. नानींचं मत दरवर्षी भीमसेनांच्या अभंगाला. नाना दरवर्षी ते बाद करतात: "फिल्मी नाही."

यंदा नानींनी कप खाली ठेवला. "अहो, मग 'शांताबाई' कुठल्या सिनेमातली?"

नाना वही चाळत राहिले. वॉचमन न सांगताच अण्णांच्या विंगकडे निघाला.