कोथरूडला येऊ इच्छिणाऱ्या कोल्ह्यास खुले पत्र

प्रति,
श्री. कोल्हा
(तसेच लांडगा, खोकड, रानकुत्रा आणि इतर भाऊबंद)
राहणार: टेकड्या व माळरान, जिल्हा पुणे

विषय: कोथरूडमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी घ्यावयाच्या खबरदारीबाबत

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपण रात्री-अपरात्री टेकडी उतरून आमच्या बाजूला डोकावता, अशी कुजबुज आहे. येऊ नका असे आम्ही म्हणत नाही. पुणेकर पाहुण्याला तोंडावर कधी नाही म्हणत नाही. तो फक्त 'येणारच आहात का?' असे विचारतो. येणारच असाल, तर पाच गोष्टी आधी कानावर घातलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट हक्काची. जुनी मंडळी सांगतात की, कोथरूडला प्लॉट घ्यायचा म्हटले की पेठेतले नातेवाईक हमखास म्हणायचे, "तिथे कोल्हे ओरडतात, तिथे कसले राहायला जाता?" तरी आम्ही आलो. कोल्हे ओरडायचे थांबले म्हणून जागेचे भाव वाढले, आणि आता 'निसर्गाच्या कुशीत' अशी जाहिरात करून आणखी वाढवले जातात. या कुशीत आपण प्रत्यक्ष सापडणे बिल्डरला परवडणारे नाही.

'आम्ही मूळचे इथलेच' हा मुद्दा कृपया काढू नये. आपल्या भाऊबंदांची कागदपत्रे भक्कम आहेत, हे मान्य. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1831 साली दख्खनमधल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली, तीत भारतीय लांडग्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि रानकुत्र्याला तर दख्खनचेच नाव दिले. म्हणजे आमच्या सोसायटीची नोंदणी व्हायच्या कितीतरी आधी आपल्या घराण्याची नोंदणी झाली होती. पण आमच्याकडे सातबारा चालतो, लॅटिन नाव चालत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवसाउजेडी येऊ नका. 9 डिसेंबर 2020 रोजी एक रानगवा आमच्या महात्मा सोसायटीच्या परिसरात आला होता. हा महाकाय प्राणी गवत खाणारा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. वाट चुकून आला होता आणि वाट शोधत होता. ते करोनाचे वर्ष होते. गर्दी करू नका, अंतर राखा, असे आम्हाला मार्चपासून रोज बजावले जात होते. तरीही त्या सकाळी आम्ही त्याच्या मागे धावलो. गच्चीतून, गॅलरीतून, दुचाकीवरून मोबाईल रोखले, आरडाओरडा केला. तो बिथरून या गल्लीतून त्या गल्लीत पळत राहिला. तोंडातून रक्त येत होते, तरी पळत होता. शेवटी त्याला बेशुद्ध करून पकडले आणि त्याच दिवशी तो मेला. नंतर आम्ही फार हळहळलो. हळहळण्यात आमचा हात धरणारे दुसरे उपनगर नाही.

पंधरवड्याच्या आत दुसरा गवा पाषाण-बावधनच्या बाजूला आला. त्या खेपेला लोकांना लांब ठेवले, त्याची वाट मोकळी केली आणि तो आपल्या पायांनी जंगलाकडे निघून गेला. गवे दोन्ही सारखेच होते. एकाला गर्दी भेटली, दुसऱ्याला वाट मिळाली.

तिसरी गोष्ट ओळखीची. आपण कोल्हा आहात हे इथे कोणालाही पटणार नाही. आठ-दहा किलोचा देह, काटकुळे पाय, मातकट-पिवळी पाठ, काळ्या टोकाची खाली सोडलेली झुपकेदार शेपूट, आणि दोन पावले टाकली की मागे वळून पाहण्याची सवय, एवढ्या खुणा असूनही सोसायटीच्या ग्रुपवर आपण बिबट्या म्हणूनच जाहीर व्हाल. सीसीटीव्हीत रात्री तीन वाजता एक धूसर शेपूट दिसली, की सकाळी सहापर्यंत ती पाच सोसायट्यांत पोहोचते, सातपर्यंत तिला दोन पिल्ले होतात आणि आठ वाजता कोणीतरी विचारतो, "प्रशासन झोपले आहे का?" 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतो. ती मोठ्यांसाठी आहे, हे अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही.

चौथी गोष्ट जेवणाची. कोल्हा काकडीला राजी, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आपण उंदीर-घुशी खाता, बोरे खाता, मेलेली जनावरे साफ करता. थोडक्यात, पालिकेचे काम बिनपगारी करता. इथे मात्र त्याहून सोपी सोय आहे. आमच्या गेटबाहेर उरलेल्या बिर्याणीच्या पिशव्या आणि कुत्र्यांसाठी भरून ठेवलेली ताटली रात्रभर तयार असते. तिच्या वाटेला जाऊ नका. ताटलीभोवतीची दहा-बारा कुत्री आपल्याला फाडतील आणि सुटलात, तरी त्यांचा आजार घेऊन जाल. रेबीज आणि डिस्टेंपर यांना पाळीव, भटके आणि रानटी हा भेद कळत नाही. मुंबईत 2024 साली चेंबूरच्या बाजूला मेलेल्या कोल्ह्यात रेबीज सापडला होता. कुत्र्यांची संगत आजारापुरती थांबत नाही: आपल्याच जिल्ह्याच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. माणसाला लांडग्याचा कुत्रा करायला हजारो वर्षे लागली. आम्ही नुसता कचरा टाकून ते काम पुढे नेत आहोत.

पाचवी आणि शेवटची गोष्ट कायद्याची. अभिनंदन! वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 मधील दुरुस्तीने आपण पहिल्या परिशिष्टात, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत जाऊन बसला आहात. आपल्याला मारणे हा गंभीर गुन्हा आहे. आपली जागा घेणे हा मात्र विकास आहे. वेताळ टेकडीला खेटून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याचा प्रस्ताव आहे. त्याविरुद्ध 2023 साली पुणेकर रस्त्यावर उतरले होते. रस्ता झाला, तर आपल्याला तो ओलांडायची सवय करून घ्यावी लागेल. माळरानाचे म्हणाल, तर सरकारी भाषेत ते पडीक. तिथे खड्डे खणून झाडे लावणे हे पुण्यकर्म समजले जाते, आणि ज्या गवतात खोकड बीळ करते ते गवत कोणी मोजत नाही. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी राखले, म्हणून आपल्यापैकी काहींना तिथे हक्काचा निवारा आहे. पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. लांडग्याचा एक कळप एका रात्रीत त्याच्या पलीकडे जातो आणि पलीकडे कोणाचे तरी शेत, कोणाची तरी मेंढरे असतात.

तेव्हा आपण सकाळी आमच्यापैकी कोणाला दिसलात, तर तेवढ्यापुरते तोंड दाखवून निघून जावे. सकाळी कोल्ह्याचे तोंड पाहिले की दिवस चांगला जातो, असे आमचेच वाडवडील म्हणत. निदान तेवढा फायदा आम्हाला होऊ द्यावा. सेल्फीसाठी थांबू नये. थांबलात, तर दिवस आमचा चांगला जाईल. आपला जाईलच असे नाही.

कळावे, लोभ आहेच, लांबूनच असावा.

आपला,
एक कोथरूडकर

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: समस्त सोसायटी सभासद.

कोल्ह्याला वाचता येत नाही, त्यामुळे अंमलबजावणी आपल्यालाच करायची आहे. रानटी प्राणी दिसला तर पाठलाग करू नका, त्याला घेरू नका, खायला घालू नका. आपल्या कुत्र्याला पट्ट्याला धरून आत न्या, लहान मुलांना घरात घ्या आणि प्राण्याची निघून जायची वाट मोकळी ठेवा. तो जखमी किंवा अडकलेला असेल, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. उपचार केंद्र आपल्या शेजारी बावधनलाच आहे. कोणाला चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. कचरा रात्री गेटबाहेर ठेवू नका. व्हिडिओ काढला असेल, तर तो ग्रुपवर टाकण्याआधी वन विभागाला पाठवा.