इलिनॉयचे पाहुणे

शिकागोच्या मराठी घरात भारतातून आई-वडील आले, की त्यांना काय दाखवायचं याची यादी ठरलेली असते. पहिला आठवडा झोप आणि कॉस्टको. दुसऱ्या आठवड्यात शिकागोच्या उंच इमारती, आधी खालून आणि मग वरून. तिसऱ्यात नायगारा. चौथ्यात ऑरोराचा बालाजी. त्यानंतर स्थळं संपतात, पाहुणे मात्र उरतात, कारण परतीचं तिकीट पाच महिन्यांनंतरचं असतं. मग एका संध्याकाळी जावई लॅपटॉप मिटतो आणि उसन्या उत्साहानं म्हणतो, "बाबा, शुक्रवारी सुट्टी टाकतोय. लेक जिनिव्हाला जाऊ!"

शिकागोहून वायव्येला निघायचं, इलिनॉय संपून विस्कॉन्सिन सुरू झालं की थोड्याच वेळात हे गाव लागतं. गाडीनं दीड-पावणेदोन तास. वस्ती आठेक हजार. शिकागोचं लोणावळाच म्हणा ना. चिक्कीच्या जागी फज, एवढाच फरक.

जिनिव्हा म्हटल्याबरोबर आमच्या हिच्या डोळ्यांपुढे यश चोप्रांचे सिनेमे आले. तिनं शिफॉनची साडी नेसली. पण या जिनिव्हाचा स्वित्झर्लंडशी थेट व्यवहार नाही. १८३० च्या दशकात जॉन ब्रिंक नावाचा सर्व्हेअर इथे जमीन मोजत होता. तळं बघून त्याला आपल्या गावची, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाची आठवण झाली आणि त्यानं तेच नाव ठोकून दिलं. बरं, तळं काही बिननावाचं नव्हतं. इथे पॉटावॉटमी लोकांची वस्ती होती आणि त्यांच्या प्रमुखाच्या नावावरून गोरे लोकही तळ्याला बिग फूटचं तळं म्हणत. १८३३ च्या शिकागो करारात जमीन गेली, १८३६ मध्ये बिग फूट आणि त्याची माणसं पश्चिमेकडे रवाना झाली. तो गेल्यावर मात्र सगळ्यांना त्याच्याबद्दल भारी प्रेम वाटू लागलं. आज काठावर बिग फूटच्या नावाचं सरकारी उद्यान आहे, शेजारच्या वॉलवर्थ गावात बिग फूट हायस्कूल आहे. स्वतः बिग फूटला मात्र इथे राहायची सोय नव्हती.

मग १८७१ साल आलं. त्या वर्षी गावात रेल्वे पोचली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोला ती प्रसिद्ध आग लागली. शिकागो जळलं आणि लेक जिनिव्हा उजळलं. घरं जळालेले धनिक, किंवा घरं न जळताही धास्तावलेले धनिक, तळ्याकाठी बंगले बांधू लागले. च्युइंगमवाले रिग्ली आले, सायकलवाले श्विन आले, बिअरवाले साइप आले. शिकागोनं जे जे चघळलं, प्यायलं आणि दामटलं, त्याचा नफा इथे काठावर येऊन बसला. साइपसाहेबांनी १८८८ मध्ये बांधलेला ब्लॅक पॉइंट नावाचा बंगला आता सरकारी संग्रहालय आहे. तिथे बोटीनं जाऊन वर चढायला शंभरावर पायऱ्या आहेत. पायऱ्या खालून बघून आमच्या दोघांच्या गुडघ्यांनी बंगला पाहिल्याचं जाहीर केलं.

या गावातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काठाची पायवाट. पॉटावॉटमींच्या जुन्या वाटेवरून ती जाते असं सांगतात. संपूर्ण तळ्याला प्रदक्षिणा, सुमारे ३४ किलोमीटर, आणि ही वाट थेट बंगल्यांच्या अंगणांतून जाते. मालक कितीही कोट्यधीश असो, काठालगतची चिंचोळी पट्टी चालणाऱ्यांची. त्याला गेट लावता येत नाही, 'कुत्र्यापासून सावध' म्हणता येत नाही. वाटेची निगा मात्र ज्याची त्यानं राखायची, आणि तिथे एकेकाचा स्वभाव कळतो. एकानं लाल विटा घातलेल्या, मध्ये गवताचं पातं नाही. पुढच्यानं गुळगुळीत फरशी. त्याच्या पुढच्यानं नुसती खडी ओतून हात झटकलेले. मग कापलेली हिरवळ, मग लाकडी फळ्या, मग एका ठिकाणी घडवलेले दगड इतक्या लांब लांब अंतरावर, की तो मालक एकतर सव्वासहा फूट उंच असावा किंवा त्याला लोकांनी तळ्यात पडायला हवं असावं. मालक बदलला हे डोळ्यांआधी तळपायांना कळतं.

ही या वाटेवर जशी फुलली, तशी नायगाऱ्यालाही फुलली नव्हती. दुसऱ्याच्या घरात बघायला कायद्याची परवानगी! "अहो, पडदे बघा केवढे! धूत कसे असतील?" एका व्हरांड्यात मालक पेपर वाचत बसला होता. तो आम्ही दिसत नसल्यासारखं करत होता आणि आम्ही तळं बघत असल्यासारखं.

पण गावाचा खरा खेळ म्हणजे टपालबोट. १९१६ पासून उन्हाळ्यात काठावरच्या बंगल्यांचं टपाल बोटीनं वाटलं जातं. आता यात बघण्यासारखं काय? तर बोट थांबत नाही. धक्क्याजवळून ती आपली संथ चालत राहते. एक विशीतली मुलगी बोटीच्या बाहेरच्या कठड्यावर उभी असते. धक्का आला की ती उडी मारते, पळत पेटीपर्यंत जाते, आतलं टपाल काढते, नवं टाकते, झाकण बंद करते, आणि तोवर बोटीचं मागचं टोक निसटायच्या बेतात असतं, तेवढ्यात परत उडी. लगेच माइक उचलून, धाप न लागता, "उजव्या हाताला दिसतोय तो बंगला अमक्यांचा." असे साठेक धक्के. या नोकरीसाठी उन्हाळ्याच्या तोंडावर उड्यांची रीतसर परीक्षा होते. टपाल वाटण्याच्या भरतीसाठी लांब उडी बघतात असं दुसरं ठिकाण माझ्या ऐकिवात नाही.

बोटीवर आम्ही पाच-पन्नास प्रवासी होतो. सगळे मोबाइल सरसावून. प्रत्येक उडीला टाळ्या, "वाहवा", "शाब्बास". पण खरं सांगतो, त्या पन्नासही जणांच्या मनात एकच इच्छा होती आणि ती कुणी बोलून दाखवत नव्हतं. मुलगी एकदाही पडली नाही. शेवटच्या धक्क्याला टाळ्या जरा कमी पडल्या.

तळ्याच्या उत्तर काठाला विल्यम्स बे म्हणून आणखी छोटं गाव आहे आणि तिथे यर्क्स वेधशाळा. चार्ल्स यर्क्स हा शिकागोच्या ट्रामगाड्यांचा सम्राट; त्याचं नाव फारसं चांगलं नव्हतं. जॉर्ज हेल या तरुण खगोलशास्त्रज्ञानं त्याला पटवलं, की जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण बांधून दिलीत तर नाव आभाळात जाईल. १८९७ मध्ये वेधशाळा उभी राहिली. ४० इंची भिंगाची ही दुर्बीण आजही तिच्या जातीतली सगळ्यात मोठी. दुर्बीण कलली की बघणाऱ्याला शिडी चढावी लागू नये म्हणून इथे अख्खी जमीनच लिफ्टसारखी वर-खाली होते. पहिल्याच वर्षी ही जमीन कोसळली होती. तेव्हा आत कुणी नव्हतं, ही माहिती गाइडनं आम्ही त्याच जमिनीवर उभे असताना दिली.

इथे मात्र माझी मान ताठ झाली. कारण १९३७ पासून पाव शतकाहून अधिक काळ या आडगावात एक भारतीय माणूस ताऱ्यांची गणितं मांडत बसला होता: सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. शिकवायला ते इथून गाडीनं शिकागोला जात, शंभरावर किलोमीटर. एका वर्गात म्हणे दोनच विद्यार्थी होते, ली आणि यांग. १९५७ मध्ये त्या दोघांनाही नोबेल मिळालं. म्हणजे वर्गाचा निकाल शंभर टक्के. सरांना स्वतःला नोबेल मिळायला १९८३ साल उजाडावं लागलं. हे सगळं मी घरच्यांना भारावून सांगितलं. ही म्हणाली, "दोन पोरांसाठी एवढं पेट्रोल? त्यांनाच का नाही बोलावून घेतलं?"

नातवाचं तीर्थ वेगळं होतं. त्याला ना बंगल्यांत रस, ना ताऱ्यांत. तो गावातल्या एका साध्या लाकडी घरापुढे जाऊन उभा राहिला. इथे गॅरी गायगॅक्स राहायचे. विम्याच्या कंपनीतली नोकरी सुटल्यावर हा गृहस्थ घरी बूट दुरुस्त करून संसार चालवत होता आणि उरलेल्या वेळात राक्षस, जादूगार आणि भुयारांचा खेळ रचत होता. डेव्ह आर्नेसनबरोबर त्यानं १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. पहिल्या हजार पेट्या घरीच हातानं भरल्या. आज जगभरची पोरं, आणि पोरांहून मोठे बाप, तो खेळतात. नातवानं घरापुढे बूट काढायचेच बाकी ठेवले होते. "आजोबा, सगळं इथून सुरू झालं," तो म्हणाला. हिनं चौकशी केली, "बूट अजून शिवतात का? माझा अंगठा निघालाय."

शुक्रवार संध्याकाळ म्हणजे विस्कॉन्सिनमध्ये मासे. मुळात कॅथलिकांचा मांस न खाण्याचा वार, पण आता सगळ्या धर्मांनी तो मनापासून स्वीकारलाय. बिअरच्या पिठात बुडवून तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेड आणि बटाट्याचे घावन. सोबत ओल्ड फॅशन्डचा पेला. बाकी अमेरिकेत त्यात व्हिस्की असते, इथे ब्रँडी घालतात, वर संत्रं आणि चेरी कुस्करतात आणि शिवाय सोड्याचं गोड पाणी ओततात. जावयानं एक घेतला. मी चव बघितली. मग मीही एक घेतला. शाकाहारी हिच्यासाठी चीज कर्ड आले, म्हणजे तळलेले चीजचे बोंडे. ताजे न तळलेले असले तर दाताखाली चुंई चुंई वाजतात. त्यांची एक पिशवी नातवानं दुपारीच दुकानातून घेऊन गाडीभर वाजवली होती.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारबुवा एकटेच जेवत होते. जन्म गावातला. त्यांनी आमच्याकडे जरा संशयानं बघत विचारलं, "इलिनॉयहून का?"

इथे सांगायला हवं, की गाव उन्हाळाभर इलिनॉयवाल्यांच्या पैशांवर जगतं आणि वर्षभर त्यांच्या नावानं बोटं मोडतं. ते गाड्या दामटतात, घरांचे भाव वाढवतात, पार्किंग अडवतात. मी म्हटलं, "छे, पुण्याहून."

म्हातारबुवा एकदम खुलले. पुणं कुठे आहे याची त्यांना काही कल्पना नव्हती, पण ते इलिनॉयमध्ये नाही एवढं पुरेसं होतं. त्यांनी खुर्ची सरकवली. खरं गाव हिवाळ्यात बघा म्हणाले. तळं गोठतं, लोक बर्फाला भोकं पाडून मासे धरतात, फेब्रुवारीत देशभरातून बर्फाच्या मूर्ती कोरणारे येतात. २०१६ च्या जत्रेला तर पार्किंग मिळेना म्हणून लोकांनी गाड्या थेट गोठलेल्या तळ्यावर लावल्या. हवा जरा उबदार होती. माणसं मूर्ती बघून परत येतात तो पंधराएक गाड्या नाकापर्यंत पाण्यात. इजा कुणाला झाली नाही. फुकटचं पार्किंग सोडवत नाही, हे दुःख मला आतून कळलं. "गाड्या कुठल्या होत्या?" जावयानं सहज विचारलं. म्हातारबुवा काही बोलले नाहीत, नुसते डोळे मिटून समाधानानं हसले.

निघताना ते आग्रहानं आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आले. इलिनॉयच्या गाडीला नंबरप्लेट पुढेही असते आणि मागेही. पुढच्या प्लेटसमोर हिनं शिफॉनचा पदर पसरला, मागची मी पाठीनं झाकली आणि दोघंही हसून हात हलवत राहिलो. जावई चाकामागे बसून काचेतून खुणा करत होता, की तुम्ही दोघं आत बसल्याशिवाय गाडी काढू कशी?