लाल फडक्याचा भरवसा

परवा दिवेलागणीच्या वेळी माझी दुचाकी एका पिकअपच्या मागे होती. फाळका उघडा, हौद्यातून सळया बाहेर. पण मला सळया दिसल्याच नाहीत. दिसले ते ठिपके, शर्टाच्या बटणाएवढे. बारा मिलिमीटरच्या सळईचं टोक नेमकं मागून पाहिलं तर तेवढंच दिसतं. ती किती लांब आहे हे मागच्याला कळत नाही. स्पीडब्रेकरवर गाडी उसळली, खालची जुडी डांबराला घासून ठिणग्या उडाल्या, तेव्हा कुठे समजलं. पिकअप माझ्यापासून लांब होती, सळया मात्र छातीसमोर होत्या. टोकाला लाल फडकं होतं. धुळीनं काळं पडलेलं.

हिशेब सोपा आहे. कारखान्यातून सळई येते 12 मीटरची, म्हणजे साधारण चाळीस फुटी. पिकअपचा हौदा जेमतेम नऊ फुटांचा. सळई मधोमध दुमडली तरी वीस फूट उरतात. म्हणजे अकरा फूट लोखंड गाडीबाहेर. काही केबिनच्या टपावरून पुढे, बाकीचं मागे. मागचं वजन वाढलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. गाडी डावीकडे वळली की शेपूट उजवीकडे फिरतं. जोरात ब्रेक लागला की जुडी पुढे सरकते आणि पुढे ड्रायव्हरचं डोकं असतं.

फडकं बांधलं की चालतं, हा समज आता तरी सोडू या. पूर्वी मालवाहू गाडीच्या मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर ठेवायची मुभा नियमात होती. 2014 मध्ये तीही काढली. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे असा माल नेला तर 20,000 रुपये दंड आहे, माल उतरवण्याचा खर्च वेगळा. फडक्याचा परवाना कुठेच नाही. रात्री तर फडकं दिसतही नाही.

‘मोठ्या गाडीचं भाडं परवडत नाही’ असं घर बांधणारा म्हणतो. त्यानं कागद-पेन्सिल घ्यावी. हजार चौरस फुटांच्या घराला साधारण साडेतीन-चार टन लोखंड लागतं. पिकअपच्या किमान तीन खेपा होतात, मोठ्या ट्रकची एक. वाचलं काय? एकदम माल नको असेल तर शेजारच्या बांधकामाबरोबर मागवा. मिस्त्रीकडून मापं आधीच लिहून घ्या. रिंगा दुकानातूनच वळवून आणा, त्या पिकअपमध्ये सुखानं बसतात. कॉलमच्या सळया मापात तोडून घ्या. मजल्याची उंची आणि जोड धरून त्या बारा-तेरा फुटी होतात, त्यांना चौदा फुटी हौद्याचा टेम्पो पुरतो. बीमला अखंड लांब सळई लागत असेल तर लांब ट्रकच हवा, तिथे तडजोड नाही. दुमडून आणलेली सळई साइटवर पुन्हा सरळ करायची, हा तर दुहेरी तोटा. बाकाशी लोखंड दुखावतं आणि तेच तुमच्या स्लॅबमध्ये जातं.

ड्रायव्हरला दोष देणं सोपं. पण त्याचं पोट खेपेवर आहे. तो नाही म्हणाला तर दुसरा पिकअपवाला हो म्हणतो. दुकानदाराला माल लवकर हलवायचा असतो. ‘थांबा’ म्हणू शकतो तो एकच माणूस, भाडं देणारा. घर त्याचं, सळई त्याची, म्हणून जबाबदारीही त्याचीच.

म्हणून एवढंच करा. काट्यावर वजन झालं, गाडी भरली की निघण्याआधी तिच्या मागे चार पावलांवर जाऊन उभे राहा. मान थोडी खाली करा, दुचाकीवर बसतो तशी. डोळ्यांसमोर बटणाएवढे ठिपके दिसले तर गाडी हलू देऊ नका.