वसंताची रोजकीर्द

कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्याच्या अंगणात वसंत नेमका कधी येतो, याचा छडा लावायचं तिथल्या काकांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर मनावर घेतलं. हाडाचा बँकवाला. त्यामुळे पहिल्यांदा वही आली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. फुटलेली पालवी जमेला, गळलेलं पान नावे. आठवड्याभरात नावेची बाजू पानाच्या तळापर्यंत गेली. जमेला भोपळा.

खरा घोळ तारखेचा. २०२६ साली वसंतपंचमी आली २३ जानेवारीला. त्या पहाटे काका कानटोपी घालून वसंताच्या स्वागताला अंगणात उभे राहिले आणि सर्दी घेऊन आत आले. पंचांग उघडलं तर वसंताच्या आणखी दोन तारखा निघाल्या. सौर वसंत सूर्य सायन मीनेत शिरतो तेव्हा, म्हणजे १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास. चांद्र वसंत चैत्रात, म्हणजे त्या वर्षी १९ मार्चच्या पाडव्याला. हवामान खात्याकडे दाद मागावी, तर त्यांच्या दप्तरी वसंताचं खातंच नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे उन्हाळा, विषय संपला.

काकूंचं पंचांग त्याहून सोपं. अंगण दिवसातून एकदा झाडून भागतं तोवर हिवाळा. दोनदा खराटा धरावा लागला की वसंत.

यात काकूंच्या कंबरेचा अनुभव आहेच, पण वनस्पतिशास्त्रही आहे. दख्खनच्या पठारावर वसंत आधी पानगळ घेऊन येतो. कोरड्या महिन्यांत पाणी वाचवायला कडुनिंब पानं टाकून देतो, पिंपळही हात झटकतो, देशी बदाम तर पानं लाल करून, जाहिरात करून गाळतो. मग पावसाचा पत्ता नसताना त्याच बोडक्या फांद्यांना तांबूस पालवी फुटते. पाडव्याच्या चटणीला कोवळा पाला आणि फुलोरा मिळतो तो याच हिशेबाने. तेव्हा काकांनी नावे टाकलेलं प्रत्येक पान मुळात जमेचं होतं. वही पुन्हा आखावी लागली.

आंब्याने तर दोघांचं भांडणच लावलं. मोहर आला म्हणून काका हरखले. तुऱ्यात फुलं शेकड्यांनी, पण त्यातली बहुतेक नर, आणि फळ धरून ठेवणारं फूल शंभरात एखादंही निघणं कठीण. उरलेला सगळा मोहर पडतो. तो पडतो काकूंच्या अंगणात. शिवाय त्यावर तुडतुडे येतात, त्यांच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, आणि आंब्याखाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवर बसलं की उठताना विचार करावा लागतो. वर माश्या. काकू फवारणीचा पंप घेऊन निघाल्या, तेव्हा काका आडवे आले. “अगं, आंब्याचं परागीभवन माश्याच करतात!”

“मग त्यांनाच सांगा स्कूटर पुसायला.”

मोगऱ्याच्या बाबतीत मात्र काकांचं अज्ञान उघडं पडलं. जानेवारीत काकूंनी त्याचं पाणी तोडलं आणि कात्रीने पार टक्कल केलं. काकांनी वहीत ‘बुडीत खाते’ असा शेरा मारला. मोगऱ्याची फुलं नव्या फुटव्यावर येतात, हे त्यांना फेब्रुवारीअखेर कळलं. तो शेरा त्यांनी खोडला नाही, फक्त ते पान उलटलं.

कोकिळाची वाट पाहण्यात अख्खा फेब्रुवारी गेला. (गातो तो नर, काळाकुळकुळीत. मादी ठिपक्याठिपक्यांची, आणि तिचा आवाज निव्वळ किंचाळल्यासारखा. कवींनी श्रेय भलतीकडेच दिलं.) त्याऐवजी एका दुपारी ‘टुक, टुक, टुक’ सुरू झालं, थांबायचं नाव नाही. शेजारी नळाचं काम काढलंय असं समजून काका वामकुक्षी मोडून तक्रार करायला गेले. शेजारी स्वतःच घोरत होते. काकांचं बालपण कसबा पेठेत, तांबट आळीच्या अलीकडे, तांब्याच्या भांड्यांच्या ठोक्यांत गेलेलं. तरीही तांबट पक्षी ओळखायला त्यांना दोन दिवस लागले. हिरवं अंग, कपाळाला लाल टिळा, पिवळा गळा. थंडीभर तो जवळजवळ गप्प असतो, ऊन तापू लागलं की घण घालायला बसतो. वहीत पहिली निर्विवाद जमा झाली.

इकडे शेवग्याची एक वाळकी फांदी तोडायची म्हणून काकूंनी माणूस ठरवला होता. तो यायच्या आदल्या सकाळी त्या खराटा हातात धरून थबकल्या.

“अहो, हा कसला केर? ही पानं नव्हेत.”

खाली ताजा, पिवळसर भुसा. वर फांदीच्या खालच्या अंगाला लिंबाएवढं गोल भोक, आणि त्यातून बाहेर डोकावणारा लाल टिळा. काका वही आणायला आत धावले. बाहेर येईतो काकूंनी भुसा सुपलीत भरून मोगऱ्याच्या कुंडीत टाकला होता आणि त्या फोनवर बोलत होत्या.

“उद्या नको. पावसाळ्याच्या तोंडावर या. हो, फांदी वाळलेलीच आहे, पण आत बिऱ्हाड आलंय.”