आढीतला चिरूट

भाच्याच्या न्यू जर्सीतल्या घरात थंडीनं ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. पण त्याच घरात एक लाकडी पेटी आहे, तिच्यात बारा महिने 69 टक्के दमटपणा राखलेला असतो. आत चिरूट झोपलेले.

"मामीला यात थोडा वेळ ठेवता येईल का रे?" मी विचारलं. त्याला ते आवडलं नाही. मामीलाही.

त्यानं काढून दिलेला चिरूट काळाकुट्ट, तेलकट, जुन्या पाटावरवंट्यासारखा तुळतुळीत. जातीनं 'मादुरो'. लांबी पाच इंच, जाडी 50. पन्नास काय? तर इंचाचे चौसष्ट भाग करायचे, त्यातले पन्नास. आमच्या लहानपणी रुपयाचे चौसष्ट पैसे होत, तेव्हा हिशेब लगेच जमला: साडेबारा आणे जाडीचा चिरूट.

"मामा, मादुरो म्हणजे स्पॅनिशमध्ये पिकलेला. आतली पानं निकाराग्वातल्या एस्तेलीची, वरचं कनेक्टिकटचं. पानांचे ढीग रचून ठेवतात. आत ऊब धरते, मग ढीग उलथून पुन्हा रचतात. काळ्या पानाला हे जास्त दिवस करावं लागतं."

"म्हणजे आढी लावतात."

तो थबकला. आंब्याची आढी त्याच्या वाट्याला फार आली नाही. पेंढ्यात हात घालून कोमट आंबा चाचपणं म्हणजे काय, हे चिरुटाच्या पुस्तकातून कळायचं नाही.

"क्यूबाचा का नाही आणलास?" उगाच माहीतगारपणा दाखवायला मी विचारलं. त्यावर केनेडींची गोष्ट झाली. 1962 साली त्यांनी आपला प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर याला पिटाळलं, त्यानं रातोरात 1,200 क्यूबन चिरूट गोळा केले, आणि साठा हातात आल्यावर साहेबांनी क्यूबाच्या मालावरच्या बंदीवर सही केली. निदान सॅलिंजर तरी असं सांगत असे. भाववाढीच्या आदल्या दिवशी रॉकेलच्या रांगेत उभे राहिलेले आम्ही. आम्हाला यात नवल वाटलं नाही.

घरात ओढायला सक्त मनाई. म्हणून मागच्या लाकडी ओट्यावर, माकडटोपी घालून, शाल पांघरून आमची रसग्रहणाची बैठक बसली. आधी टोपी (चिरुटाची) कापायची. मग न पेटवता कोरडा झुरका. मग कडा ज्योतीच्या वर धरून पापडासारखी फिरवत शेकायची. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून थोडा नाकातून सोडायचा. मी तो सोडला आणि पुढची दोन मिनिटं डोळ्यांतून पाणी काढत बसलो.

"मिरी लागली ना?" भाचा खूश. त्यानं वहीत 'मिरी' लिहिलं. मग 'कोको', 'चामडं', 'एस्प्रेसो', 'ओली माती'.

चामडं मला पटलं. पावसात भिजून दाराआड वाळत पडलेल्या कोल्हापुरी चपलेचा वास त्यात होता, यात शंका नाही. पण त्यामागे आणखी काहीतरी ओळखीचं होतं, जिभेच्या टोकावर येऊन अडलेलं. दीड इंच राख न पडता टिकली, तीही मोजून झाली. नंतर ती माझ्या शालीवर पडली, ते वहीत आलं नाही.

अर्धा संपता संपता आठवलं. आजी! चुलीवर तवा, तव्यावर तंबाखू, ती काळीभोर होईपर्यंत उलथन्यानं परतणारी आजी. घरभर ठसका. मग हातावर चुरडून डबीत भरलेली मशेरी, आणि सकाळी दातांना लावून अर्धा तास कुणाशी न बोलणं. पण इतक्या महागाच्या चिरुटाला मशेरी म्हणायचा धीर झाला नाही. त्यात पोटात काही नव्हतं; ओटा होडीसारखा डुलायला लागला होता. मी चिरूट बाजूला ठेवून गुमान साखर मागितली. तंबाखू लागली की साखर, हेही आजीचंच.

"मी 92 देतोय. तुम्ही?"

शंभरातले ब्याण्णव! वहीच्या आधीच्या दोन-चार पानांत एकही चिरूट पंच्याऐंशीच्या खाली नव्हता. आमच्या वेळी मराठीत साठ पडले तर पेढे वाटत. मी तोंडात साखर धरून बोटांनी काहीतरी आकडा दाखवला.

तेवढ्यात काचेचं दार सरकलं. मामीनं नाकाला पदर लावून डोकं बाहेर काढलं.

"मशेरी कोण भाजतंय गं बाई इथे?"

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, मी चंद्राकडे. मग त्यानं वही मांडीवर घेतली आणि 'एस्प्रेसो'वर हळूच काट मारली.